वॉरलॉकला दुसऱ्या क्लासची जोड: नव्या खेळाडूंसाठी मल्टिक्लासचा हिशेब

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात पाचव्या लेव्हलच्या वॉरलॉकची, म्हणजे कुणा शक्तीशी करार करून जादू मिळवणाऱ्या पात्राची, तक्रार ठरलेली असते. दोन स्पेल (मंत्र) टाकले की स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायची शिल्लक, संपले. त्याच लेव्हलच्या विझार्डकडे नऊ स्लॉट असतात आणि वॉरलॉक मात्र पुढची लढाई एल्ड्रिच ब्लास्ट या स्लॉट न लागणाऱ्या स्पेलवर काढत असतो. मग टेबलावरचं कुणीतरी सांगतं, "मल्टिक्लास कर की." म्हणजे पुढच्या काही लेव्हल दुसऱ्या क्लासच्या, दुसऱ्या पेशाच्या, घे. सल्ला वाईट नाही, पण अर्धा आहे. दुसरा क्लास घेतला म्हणून वॉरलॉक आपोआप भारी होत नाही. त्याला नक्की काय कमी पडतंय ते आधी शोधावं लागतं, आणि याचं उत्तर तुमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट (लढायांमधली छोटी विश्रांती) किती वेळा मिळते यात असतं.

हा लेख डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे. या आवृत्तीचे दोन नियमसंच सध्या वापरात आहेत, २०१४चा आणि २०२४चा. वॉरलॉकच्या बाबतीत दोघांत बराच फरक आहे, म्हणून जिथे फरक पडतो तिथे दोन्ही सांगितले आहेत. पुस्तक विकत घ्यायची घाई नको. सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट मोफत उतरवून घेता येतं. त्याची ५.१ आवृत्ती २०१४च्या नियमांवर आहे, ५.२ ही २०२४च्या. दोन्हींत वॉरलॉक आणि मल्टिक्लासचे नियम आहेत. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे फक्त वॉरलॉक, तुमचा दुसरा क्लास आणि मल्टिक्लास एवढीच पानं छापून घ्या. सगळं छापण्यात अर्थ नाही.

पायरी १: डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) चार प्रश्न विचारा

पहिला: नियम २०१४चे की २०२४चे? दुसरा: मल्टिक्लास चालेल का? २०१४च्या पुस्तकात हा ऐच्छिक नियम आहे, म्हणजे डीएमने हो म्हटल्याशिवाय तो लागूच होत नाही. तिसरा: मोहीम साधारण कितव्या लेव्हलपर्यंत जाणार? चौथा, आणि सगळ्यात महत्त्वाचा: दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये शॉर्ट रेस्ट किती मिळतात?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठाणे-नवी मुंबईच्या टेबलांवर बरेचदा "एखादी, नाहीतर नाहीच" असं येतं, आणि त्याला कारण आहे. खेळ रविवारी असतो. एकजण डोंबिवलीहून येणार, एकजण खारघरहून, दोघं ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने, आणि त्यात मेगाब्लॉक. अकराची वेळ ठरवली तरी फासे पडायला बारा वाजतात, आणि चारला कुणाला तरी निघायचं असतं. मग डीएम दोन मोठ्या लढाया बसवतो, मध्ये गावातली बोलाचाली, आणि शेवटी सगळे झोपतात. शॉर्ट रेस्ट म्हणजे खेळातला एक तास. तो घ्यायला खरं तर टेबलावर एक मिनिट लागतं, पण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता आकडे बघा. वॉरलॉक ५ कडे तिसऱ्या लेव्हलचे (ही स्पेलची लेव्हल, पात्राची नव्हे) दोन पॅक्ट स्लॉट, म्हणजे वॉरलॉकचे खास स्लॉट, असतात आणि ते प्रत्येक शॉर्ट रेस्टला भरतात. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर सहा मोठे स्पेल झाले. एकही मिळाली नाही तर फक्त दोन. २०२४च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला मॅजिकल कनिंग मिळतं: एक मिनिटाचा विधी करून निम्मे पॅक्ट स्लॉट, अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरून, परत मिळवायचे. हे लाँग रेस्टमागे एकदाच. म्हणजे दोनाचे तीन.

तेव्हा तुमच्या टेबलावर खरोखर दोन शॉर्ट रेस्ट मिळत असतील तर मल्टिक्लासचा विचार बाजूला ठेवा, शुद्ध वॉरलॉक मस्त चालतो. मिळत नसतील तर आधी डीएमशी बोलून बघा. कधीकधी एका वाक्यात काम होतं आणि दुसरा क्लास लागतच नाही. तिथे दाद लागली नाही, किंवा तुम्हाला वेगळ्या प्रकारची जादू हवी असेल, तर पुढे वाचा.

पायरी २: पात्रता आणि क्लासची निवड

पात्राला स्ट्रेंग्थपासून कॅरिझ्मापर्यंत सहा गुण असतात. दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ हवेत. वॉरलॉकसाठी कॅरिझ्मा १३. सॉर्सरर आणि बार्ड यांनाही कॅरिझ्माच, म्हणून ते दोघं पात्रतेच्या दृष्टीने फुकट पडतात. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ १३ आणि कॅरिझ्मा १३ दोन्ही. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी १३, रोगला डेक्स्टेरिटी १३, विझार्डला इंटेलिजन्स १३.

कॅरिझ्मावाले क्लास का बरे, हे आकड्यांतच दिसतं. स्पेलचा सेव्ह डीसी, म्हणजे स्पेल चुकवायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा, हा ८ अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारा) अधिक त्या क्लासच्या गुणाचा मॉडिफायर (गुणावरून ठरणारी भर). वॉरलॉक-सॉर्सररचा डीसी दोन्ही बाजूंनी एकच. वॉरलॉक-विझार्डचा विझार्डी डीसी इंटेलिजन्सवर ठरतो, आणि कॅरिझ्मा १८ असताना इंटेलिजन्स १४ असेल तर विझार्डचे स्पेल दोनने कच्चे पडतात. नव्या माणसाने हा उद्योग करू नये.

रोगचा मोह अनेकांना होतो: ब्लास्टवर स्नीक अटॅक (रोगचं जादा नुकसान) लावू. लागत नाही. स्नीक अटॅकला फिनेस किंवा रेंज्ड शस्त्र लागतं, आणि एल्ड्रिच ब्लास्ट स्पेल आहे, शस्त्र नाही.

गुण वाटताना १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच घ्या. सॉर्सररकडे जायचं असेल तर कॅरिझ्मा १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १३, विस्डम १२, इंटेलिजन्स १०, स्ट्रेंग्थ ८. वर मिळणारे बोनस कॅरिझ्माला दोन आणि कॉन्स्टिट्यूशनला एक लावले की १७ आणि १४ होतात. पॅलाडिनकडे जायचं असेल तर १३ स्ट्रेंग्थला, १४ कॉन्स्टिट्यूशनला ठेवा. स्ट्रेंग्थ ८ ठेवून नंतर "पॅलाडिन घेतो" म्हणणारे दर टेबलावर सापडतात. तेव्हा तीन गुणवाढींचा बळी दिल्याशिवाय दरवाजा उघडत नाही.

पायरी ३: दोन वेगळी पासबुकं

नवखे सगळ्यात जास्त इथे अडखळतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बार्ड, सॉर्सरर, पॅलाडिन यांचे स्लॉट एका तक्त्यातून येतात. वॉरलॉकचे पॅक्ट स्लॉट त्या तक्त्यात कधीच मिसळत नाहीत. वॉरलॉक ५ आणि सॉर्सरर ३ म्हणजे आठव्या लेव्हलच्या जादूगाराचे स्लॉट मिळाले असं होत नाही. तुमच्याकडे दोन खाती असतात. पहिलं पॅक्टचं: तिसऱ्या लेव्हलचे दोन, शॉर्ट रेस्टला भरणारे. दुसरं सॉर्सररचं: पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन, लाँग रेस्टला भरणारे. भरणा वेगळा, पण खर्च कुठूनही करता येतो. पॅक्ट स्लॉटमधून सॉर्सररचा स्पेल टाकता येतो आणि सॉर्सररच्या स्लॉटमधून वॉरलॉकचा.

स्पेल शिकताना मात्र प्रत्येक क्लासकडे एकटं बघायचं. सॉर्सरर ३ आहात, तर सॉर्सररच्या यादीतून दुसऱ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल. खिशात तिसऱ्या लेव्हलचा पॅक्ट स्लॉट आहे म्हणून सॉर्सररचा फायरबॉल शिकता येत नाही. लहान स्पेल त्या मोठ्या स्लॉटमधून टाकता येतो, एवढंच.

काही गोष्टी एकूण लेव्हलवर चालतात: प्रोफिशियन्सी बोनस आणि कॅन्ट्रिपचं (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलचं) नुकसान. एल्ड्रिच ब्लास्टला पाचव्या लेव्हलला दोन किरण, अकराव्याला तीन, सतराव्याला चार, आणि ही लेव्हल एकूण धरायची. मल्टिक्लास वॉरलॉकचं पोट भरतं ते याच नियमावर. काही गोष्टी क्लासच्या लेव्हलवर चालतात: गुणवाढ किंवा फीट (खास कौशल्य), इन्व्होकेशनची (वॉरलॉकने निवडायच्या खास शक्तींची) लेव्हलची अट, पॅक्ट स्लॉटचा आकार. वॉरलॉक ३ आणि सॉर्सरर १ मिळून एकूण लेव्हल ४ झाली तरी गुणवाढ मिळत नाही, कारण एकाही क्लासमध्ये तुम्ही चौथ्या पायरीला पोचलेले नाही.

टेबलावर हिशेब ठेवायला कॅरमच्या सोंगट्या वापरा. काळ्या म्हणजे पॅक्ट स्लॉट, पांढऱ्या म्हणजे साधे स्लॉट. स्लॉट वापरला की सोंगटी डब्यात. शॉर्ट रेस्ट झाली की काळ्या परत पटावर, पांढऱ्या नाहीत. आणि राणी ठेवा कॉन्सन्ट्रेशनसाठी: जो स्पेल धरून ठेवलाय त्याच्या नावावर राणी. ती एकच असते, आणि कॉन्सन्ट्रेशनही दोन क्लास मिळून एकच असतं. हेक्स (शत्रूला जादा नुकसान करणारा शाप) चालू असताना हिप्नॉटिक पॅटर्न टाकला की हेक्स गेला.

पायरी ४: वॉरलॉक ५, सॉर्सरर ३, लेव्हल लेव्हलने

नव्या खेळाडूला आमची शिफारस हीच. पहिल्या पाच लेव्हल निव्वळ वॉरलॉक. का? कारण पाचव्या लेव्हलला सगळ्याच क्लासची मोठी उडी असते, आणि वॉरलॉकची उडी म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट. त्याआधी फाटा फोडला की बाकीचे फायरबॉल टाकत असताना तुम्ही मागे राहता. सहाव्या-सातव्या लेव्हलपर्यंत ही खंत पुरते.

लेव्हल १: एल्ड्रिच ब्लास्ट, हेक्स, आर्मर ऑफ अगाथिस. शेवटचा स्पेल नवखे सोडून देतात, तो सोडू नका. त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, आणि स्लॉटच्या प्रत्येक लेव्हलमागे पाच तात्पुरते हिट पॉइंट व जवळून मारणाऱ्याला पाच थंड नुकसान देतो. पॅक्ट स्लॉट आपोआप मोठे होत जातात, त्यामुळे पाचव्या लेव्हलला हाच स्पेल पंधरा-पंधरा देतो.

लेव्हल २: अॅगोनायझिंग ब्लास्ट. हे इन्व्होकेशन न घेता ब्लास्टवर विसंबणं म्हणजे निम्मं नुकसान घरी ठेवून येणं, कारण कॅरिझ्माचा मॉडिफायर प्रत्येक किरणाला वेगळा लागतो. सोबत रिपेलिंग ब्लास्ट, प्रत्येक लागलेल्या किरणाने शत्रू दहा फूट मागे. २०२४मध्ये पहिल्या लेव्हललाच एक इन्व्होकेशन मिळतं आणि दुसऱ्याला एकूण तीन होतात. पहिल्याला एल्ड्रिच माइंड घ्या, कॉन्सन्ट्रेशन टिकवण्याच्या सेव्हला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो.

लेव्हल ३ला २०१४च्या नियमांत पॅक्टची देणगी, त्यातला टोम (जादूचं पुस्तक) नवख्याला सोपा. लेव्हल ४: कॅरिझ्मा १८. लेव्हल ५: हिप्नॉटिक पॅटर्न किंवा काउंटरस्पेल, दोन्ही असले तर उत्तम.

लेव्हल ६: सॉर्सरर १. इथे पहिल्यांदा पहिल्या लेव्हलचे लहान स्लॉट हातात येतात, आणि लगेच फरक दिसतो. शील्ड हा स्पेल घ्या: रिअॅक्शनने (शत्रूच्या पाळीतच) आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, पाचने वाढतो. शुद्ध वॉरलॉकला लहान स्पेलसाठीही तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट मोडावा लागतो, शंभराच्या कामाला पाचशेची नोट. आता लहान कामं लहान स्लॉटवर, पॅक्ट स्लॉट मोठ्या स्पेलसाठी राखीव.

२०२४च्या नियमांनी खेळत असाल तर इथे एक खड्डा आहे. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला इनेट सॉर्सरी मिळते, एक मिनिटभर स्पेलच्या हल्ल्यांना अॅडव्हांटेज. वाचून वाटतं, ब्लास्टला सोन्याचे दिवस आले. पण मजकुरात "सॉर्सररचे स्पेल" असं स्पष्ट आहे. एल्ड्रिच ब्लास्ट तुम्ही वॉरलॉक म्हणून शिकलात, त्याला हा अॅडव्हांटेज मिळत नाही.

लेव्हल ७: सॉर्सरर २, दोन सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररचं जादूचं चलन), पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट. २०२४मध्ये मेटामॅजिक (पॉइंट देऊन स्पेल बदलायची कला) इथेच मिळतं. २०१४मध्ये लेव्हल ८ला, म्हणजे सॉर्सरर ३ ला. मेटामॅजिकचे पर्याय कोणत्याही टाकलेल्या स्पेलला लागतात, वॉरलॉकच्याही. पहिला पर्याय डोळे मिटून क्विकन्ड स्पेल. दोन पॉइंट देऊन अॅक्शनचा स्पेल बोनस अॅक्शनमध्ये (त्याच पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) टाकता येतो. त्याच फेरीत अॅक्शनने पुन्हा ब्लास्ट, कारण तो कॅन्ट्रिप आहे आणि दोन्ही नियमसंच त्याला आडकाठी करत नाहीत.

आठव्या लेव्हलचा हिशेब: एका किरणाचं १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) अधिक ४, सरासरी साडेनऊ. हेक्सचा १डी६ मिळून तेरा. दोन किरण लागले तर सव्वीस, क्विकन्ड धरून चार लागले तर बावन्न. दोन पॉइंटच्या खर्चात. फाशांच्या नेहमीच्या सातच्या संचात खरा डी१० एकच असतो, दुसरा दशकांचा. म्हणून जादा डी१० घेऊन ठेवा, आणि हेक्ससाठीचे डी६ घरातल्या लुडोच्या डब्यातून काढा.

या बावन्नच्या आकड्याने हुरळून जाऊ नका. हेक्स लावायलाही बोनस अॅक्शन लागते आणि क्विकन्डलाही. पहिल्या फेरीत दोन्ही होत नाही. पहिल्या फेरीत हेक्स आणि साधा ब्लास्ट, दुसऱ्या फेरीत क्विकन्ड. ज्याच्यावर हेक्स आहे तो पहिल्याच फेरीत मेला तर दुसऱ्या फेरीतली बोनस अॅक्शन हेक्स हलवण्यात जाते. चिल्लर शत्रूंवर हेक्स वाया घालवू नये तो यासाठी.

पॉइंट संपले तर स्लॉट मोडून मिळतात. जितक्या लेव्हलचा स्लॉट तितके पॉइंट. तिसऱ्या लेव्हलचा पॅक्ट स्लॉट मोडला तर तीन. पण सॉर्सरर ३ च्या खात्यात तीनपेक्षा जास्त पॉइंट मावत नाहीत, वरचे वाया. दोन शिल्लक असताना मोडलात तर मिळाला एकच. पॉइंट शून्यावर आले की मगच मोडा. २०१४मध्ये या मोडण्यालाही बोनस अॅक्शन लागते, म्हणजे ते लढाई संपल्यावर, शॉर्ट रेस्टच्या अगदी आधी, उरलेल्या पॅक्ट स्लॉटचं करायचं काम. २०२४मध्ये कुठलीच अॅक्शन लागत नाही.

आणि गमावलं काय? वॉरलॉक ७ ला मिळणारे चौथ्या लेव्हलचे स्लॉट, आणि वॉरलॉक ८ ची गुणवाढ. गुणवाढ पुढच्याच लेव्हलला सॉर्सरर ४ ने भरून निघते. चौथ्या लेव्हलचे स्पेल मात्र लांबतात. हिट पॉइंटचं नुकसान लोकांना वाटतं त्याहून फार कमी आहे: कॉन्स्टिट्यूशन १४ आणि सरासरी धरून शुद्ध वॉरलॉक ८ चे ५९, या मिश्रणाचे ५६.

मोहीम थेट सहाव्या किंवा वरच्या लेव्हलला सुरू होत असेल तर क्रम उलटा करा: पहिली लेव्हल सॉर्सररची लिहा. सेव्हिंग थ्रोची प्रोफिशियन्सी फक्त पहिल्या क्लासची मिळते. वॉरलॉकची विस्डम आणि कॅरिझ्मा, सॉर्सररची कॉन्स्टिट्यूशन आणि कॅरिझ्मा. मार बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशनच लागतं, डीसी दहा किंवा नुकसानाच्या निम्मा, जो जास्त असेल तो. पहिल्या लेव्हलपासून खेळताना मात्र हा क्रम त्रासाचा. हिट पॉइंट दोनने कमी, आणि तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट एक लेव्हल उशिरा.

पायरी ५: बाकीच्या जोड्या, थोडक्यात

पॅलाडिनची जोड तलवारीवाल्यांसाठी. इथे सुरुवात पॅलाडिनने करा, कारण जड चिलखताची प्रोफिशियन्सी नंतर घेतलेल्या पॅलाडिनला मिळत नाही, मध्यमपर्यंतच मिळते. २०१४मध्ये डिव्हाइन स्माइट कुठल्याही स्लॉटवर चालतो: पहिल्या लेव्हलला २डी८, पुढे प्रत्येक लेव्हलमागे एक डी८, कमाल ५डी८. पॅक्ट स्लॉट शॉर्ट रेस्टला भरत असल्याने ही जोडी प्रसिद्ध झाली. २०२४मध्ये स्माइट हा बोनस अॅक्शनचा स्पेल झाला, फेरीत एकदाच. जोडी अजून चांगली आहे, पण एका फेरीत तीन स्लॉट ओतून राक्षस आडवा करायचे दिवस गेले. जुने व्हिडिओ बघून आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. दुसरीकडे २०२४मध्ये वॉरलॉकच्या पहिल्याच लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड हे इन्व्होकेशन घेता येतं आणि हल्ला व नुकसान दोन्ही कॅरिझ्मावर जातं. पॅलाडिन ६ पूर्ण करा, ऑरा ऑफ प्रोटेक्शन घ्या, मग वॉरलॉक. पॅलाडिनचा एक्स्ट्रा अटॅक आणि वॉरलॉकचं थर्स्टिंग ब्लेड यांची बेरीज होत नाही, तिसरा हल्ला मिळत नाही.

फायटर २ लोक अॅक्शन सर्जसाठी घ्यायचे: एका फेरीत दोनदा ब्लास्ट. २०१४मध्ये चालतं. २०२४मध्ये सर्जच्या जादा अॅक्शनमधून मॅजिक अॅक्शन (स्पेल टाकायची कृती) घेता येत नाही, त्यामुळे ब्लास्टवाल्याला त्याचा उपयोग राहिला नाही.

बार्ड ही शांत पण उपयोगी जोड, विशेषतः गटात क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा) नसेल तर. हीलिंग वर्ड बोनस अॅक्शनमध्ये, साठ फुटांवरून. पॅक्ट स्लॉटमधून टाकला तर तो तिसऱ्या लेव्हलचा होतो: २०१४मध्ये ३डी४, २०२४मध्ये ६डी४, वर कॅरिझ्मा. शॉर्ट रेस्टला परत भरणारं औषध दुसऱ्या कुठल्या जोडीत इतकं स्वस्त नाही.

एक डाव जो खेळू नये

वॉरलॉक-सॉर्सरर म्हटलं की कुणीतरी "कॉफीलॉक" सुचवणारच. पॅक्ट स्लॉट मोडून पॉइंट करायचे, पॉइंटचे साधे स्लॉट करायचे, शॉर्ट रेस्ट घ्यायची, पुन्हा तेच. बनवलेले स्लॉट लाँग रेस्टला नाहीसे होतात म्हणून हा माणूस झोपतच नाही. पहिल्या लेव्हलचा स्लॉट बनवायला दोन पॉइंट, दुसऱ्याचा तीन, तिसऱ्याचा पाच. कागदावर बसतं. टेबलावर त्याचा अर्थ असा की बाकीचे चौघं जण तुमच्या आठ शॉर्ट रेस्टची नोंद होईपर्यंत फोन बघत बसणार. २०१७च्या एका ऐच्छिक नियमात याला उतारा आहे: चोवीस तास लाँग रेस्ट न घेतल्यास डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला तर थकव्याची एक पायरी, आणि पुढच्या प्रत्येक चोवीस तासांना डीसी पाचने वाढतो. बहुतेक डीएम एवढ्याही भानगडीत पडत नाहीत, सरळ नाही म्हणतात. बरोबरच करतात.

शीट आणि गोष्ट

शीटवर क्लासच्या रकान्यात "वॉरलॉक ५ / सॉर्सरर ३" असं लिहा, नुसतं "लेव्हल ८" नको. हिट डाइस वेगळे: ५डी८ आणि ३डी६. प्रत्येक स्पेलपुढे कंसात व किंवा सॉ, म्हणजे इनेट सॉर्सरीसारख्या अटींना वाद होत नाहीत. सेशन संपलं म्हणजे रेस्ट झाली असं नव्हे. पंधरा दिवसांनी पुढचा रविवार उगवतो तेव्हा किती काळ्या सोंगट्या शिल्लक होत्या हे कुणालाच आठवत नाही, म्हणून निघण्यापूर्वी शीटचा फोटो काढून ग्रुपवर टाका.

गोष्टीतलं कारण डीएमशी आधी ठरवा, फार लांबण लावू नका. वॉरलॉकची शक्ती करारातून येते, सॉर्सररची रक्तातून. तळकोकणातल्या एखाद्या देवराईच्या राखणदाराशी पणजोबांनी करार केला, पणतूने तो चालू ठेवला, आणि इतक्या पिढ्यांत त्यातलं थोडं अंगात उतरलं: एवढं पुरे. खेळ मराठीत चालत असेल तर असा पेट्रन (वॉरलॉकने जिच्याशी करार केला ती शक्ती) डीएमला रंगवायलाही सोपा जातो. परदेशी नावाच्या सैतानापेक्षा वेताळ बोलायला लागला की टेबल जरा जास्त कान देतं.

आठव्या लेव्हलनंतर

सॉर्सरर ४ नक्की घ्या, गुणवाढीसाठी, कॅरिझ्मा २० होतो. त्यापुढे मोहीम बारा-तेराव्या लेव्हलला संपणार असेल तर सॉर्सररमध्येच चढत राहा. सॉर्सरर ५ ला त्याच्या यादीतले तिसऱ्या लेव्हलचे स्पेल उघडतात आणि साधे स्लॉट चार, तीन, दोन असे होतात. पाच पॉइंट म्हणजे दिवसाला दोनदा क्विकन्ड, एक पॉइंट उरतो.

मोहीम सतराव्या लेव्हलपलीकडे जाणार असेल तर हे सगळं गणित फिरतं. वॉरलॉक ११, १३, १५ आणि १७ ला मिस्टिक अर्कानम मिळतं: सहाव्या, सातव्या, आठव्या आणि नवव्या लेव्हलचा एकेक स्पेल, लाँग रेस्टमागे एकदा. ते स्लॉट नव्हेत, त्यामुळे त्यांचे पॉइंट करता येत नाहीत आणि दुसऱ्या क्लासच्या लेव्हल त्यांच्यासाठी मोजल्या जात नाहीत. नवव्या लेव्हलचा स्पेल हवा असेल तर वीसपैकी सतरा लेव्हल वॉरलॉकला द्याव्या लागतात आणि बाहेर फिरायला तीनच उरतात. सॉर्सररच्या तीन लेव्हल घेऊन थांबायचं आणि नवव्या लेव्हलपासून पुन्हा वॉरलॉक, हा त्यावरचा मार्ग. कॅरिझ्मा २० तेव्हा अकराव्या लेव्हलला, वॉरलॉक ८ वर होतो.